आजोबांची होडी

कोसकुदुक, ३ सप्टेंबर २००६

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. इकडे माणसं आणि उंट सुखरूप आहेत. तिकडची माणसं आणि मासे सुखरूप असोत. खरं तर फोनच करणार होते. पण गेल्या ईदला तुम्ही सात वेळा ‘आं?’ केलंत आणि मी गुडघेदुखीचं विचारलं तर तिकडच्या वाऱ्याचं सांगत बसलात. इंजिनांनी तुमचे कान खाल्ले ते खाल्लेच. म्हणून लिहिते आहे.

आटत दूर गेलेला आपला अरल समुद्र परत येतोय, भाऊजी. तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, पण मी डोळ्यांनी पाहून आले. धरण झाल्यापासून वर्षभरात पाणी गावापासून सहा किलोमीटरवर आलंय. मी चालत गेले, पाय ओले केले आणि परत आले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. चहा ठेवते आणि उकळून आटला तरी कळत नाही. शेजारच्या बेकेतनं प्लास्टिकची होडी आणली आहे. तो साझान मासे पकडतो आणि पकडतो त्याच्या दुप्पट सांगतो.

आता मुद्द्याचं. तुमचा पुतण्या मेइरमान तेवीस वर्षांचा झाला. गावातली निम्मी पोरं पश्चिमेला तेलाच्या खाणींवर गेली. कंत्राटदाराचा माणूस पंधरा नोव्हेंबरला गावात येणार आणि सह्या घेऊन उरलेल्यांना नेणार. मेइरमाननं मला स्वच्छ सांगितलं की आजोबांची होडी पाण्यात घालण्याजोगी असेल तर तो राहील, नसेल तर सही करेल. बापासारखं उंटांमागे फिरून त्याला म्हातारं व्हायचं नाही म्हणे.

होडी अंगणात होती तिथेच आहे. तुमचे भाऊ गेल्यापासून गेली चार वर्षं मी तिच्यात चारा भरते. मामंजींनी ती तुम्हा दोघा मुलांना हाताशी घेऊन बांधली, त्यातले तुम्हीच काय ते उरलात. गावात आता कुणालाच लाकडी होडीतलं कळत नाही. ती दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे का, एवढं सांगा.

पाकिटावर तुमचं नाव मेइरमान लिहील. थोरल्या दिराचं नाव मी एकतीस वर्षांत तोंडातून काढलेलं नाही, पोस्टाच्या सोयीसाठी आता काढणार नाही. लोभ आहे, तो आटू देऊ नये.

तुमची,
झानिल

---

बालखाश, १७ सप्टेंबर २००६

चि. झानिल हिस थोरल्या दिराचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी ते होड्यांच्या कारखान्यातच वाचलं आणि हातातला रंधा भलतीकडेच गेला. एक चांगली फळी वाया गेली, ती तुझ्या नावावर. फोनवर मला काही ऐकू येत नाही ही अफवा आहे. लोकच पुटपुटतात.

होडीबद्दल माझं मत विचारशील तर ‘नाही’. तीस वर्षं उन्हात उभ्या लाकडाचं काय होतं ते मी रोज पाहतो. पण न बघता ‘नाही’ म्हणणारा सुतार आणि न बघता ‘हो’ म्हणणारा सुतार, दोघेही लबाड. तेव्हा तू माझे डोळे हो.

आधी चारा काढ. हातोडीच्या मागच्या बाजूनं नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, एकेक फळी ठोकत जा. निरोगी लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द करतं. मग तळाशी जा. होडीचा कणा म्हणजे ते लांब जाड तुळईसारखं लाकूड. त्यात आरी टोचून बघ किती आत जाते. शेवटी होडीत पाणी भर आणि आठ दिवस ठेव. सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. पहिल्या दिवशी गळेल, घाबरू नकोस. पण एक बजावतो: त्याआधी कुणालाही फटीत कापूस-डांबर ठासू देऊ नकोस. कोरड्या फटी ठासल्या की फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि खिळे उपटून येतात. तुमच्या गावात आता एवढंही कुणाला आठवत नसेल.

हे सगळं तू कर, मेइरमानला करू देऊ नकोस. तरण्या पोराला जे हवं तेच ऐकू येतं. तुझ्यासारखी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली बाई खोटं ऐकणार नाही. माया ठेव आणि चष्मा लावून काम कर.

ओतेगेन

---

कोसकुदुक, ४ ऑक्टोबर २००६

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. चष्मा लावला, सांगितलं तसं सगळं केलं. चारा काढला तर आत कोंबडीची बारा अंडी निघाली, ती कधीची होती अल्ला जाणे.

एकेक फळी ठोकली. भाऊजी, काय सांगू! डावीकडच्या नऊ आणि उजवीकडच्या नऊ, सगळ्या टणटण. डावीकडची चौथी तर इतकी सुरेख वाजली की मी पुन्हा पुन्हा ठोकली. कण्यात आरीचं टोकसुद्धा शिरलं नाही. पाणी भरलं, पहिले दोन दिवस थोडं गळलं, आता थेंब नाही. मामंजींचं काम ते, उगाच का गाव त्यांचं नाव घेतं!

मेइरमानही खुशीत आहे. मी अरल शहरातून दोन डबे डांबर आणून ठेवलंय. बेकेत कुंपणावरून विचारत होता की या लाकडांवर नाश्ता शिजवणार का. मी म्हटलं की पहिला मासा तुझ्याच दारात टाकून जाऊ.

तुम्ही फक्त एक ओळ लिहा की होडी लायकीची आहे. ती मेइरमानला दाखवायची आहे. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास नाही, पण तुमचा शब्द तो मोडणार नाही. पत्रोत्तर जरा लवकर आलं तर बरं. हल्ली रोज दोनदा पोस्टात जाते, टपालवाली मला बघून आधीच मान हलवते. लोभ आहेच, तो ओळीभर कागदावर उतरवावा.

तुमची,
झानिल

---

बालखाश, १४ ऑक्टोबर २००६

चि. झानिल हिस अ. उ. आ.

डावीकडची चौथी फळी मी ओळखतो. तू या घरात आलीस त्याच्या आदल्या वसंतात ती खडकावर फुटली. चांगलं लाकूड मिळेना म्हणून आबांनी मासळीच्या खोक्याच्या पट्ट्या जोडून तिथे ठिगळ मारलं. ते बसवलं त्या दिवशीच भद्द वाजत होतं. आबा म्हणाले होते की एक हंगाम निघाला तरी पुष्कळ. पुढे हंगामच उरला नाही, म्हणून ते तसंच राहिलं. आणि ती फळी तुझ्यासाठी सुरेख वाजते!

तेव्हा तू खोटं लिहिलं आहेस. रागावलो नाही असं म्हणणार नाही, रागावलो. दोन दिवस कारखान्यात सगळ्यांवर ओरडलो.

‘होय’ लिहायला मला काय जातं? तीन अक्षरंसुद्धा नाहीत. पण त्या ‘होय’वर तुझा मुलगा बसणार आहे आणि किनारा सोडून जाणार आहे. आपल्याकडचा शरदातला वारा तू विसरली असशील. पाणी नवं असलं तरी वारा जुनाच आहे. कणा कुजका असेल तर पहिल्या मोठ्या लाटेत होडी मधोमध उघडते. तेव्हा तेलाची खाण तुला फार जवळ वाटेल, कारण तिथून पोरगा निदान सुट्टीला घरी येतो.

पुन्हा तपास. या वेळी कान वापरू नकोस, ते तुझंच ऐकतात. माझे कान गेल्यापासून मी हातानं ऐकतो. एका हातानं ठोक आणि दुसरा तळवा फळीवर टेकव. जिवंत लाकूड तळव्याला झिणझिण्या देतं, मेलेलं काहीच देत नाही. जे असेल ते लिही. वाईट असलं तरी माया कमी होणार नाही, पण पुन्हा खोटं लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

ओतेगेन

---

कोसकुदुक, २६ ऑक्टोबर २००६

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी कान तापले, मग रडले, मग हातोडी घेतली.

अठरा फळ्यांपैकी पाच तळव्याला काहीतरी देतात. बाकीच्या गप्प. चौथीबद्दल तुम्हीच लिहिलंत. कण्यात मागच्या बाजूला आरी मुठीपर्यंत गेली आणि बाहेर आली तेव्हा टोकाला भुसा होता. पाणी भरलं ते चहा गार व्हायच्या आत वाळूत गेलं. सलग आठ दिवस भरलं आणि सलग आठ दिवस गेलं. हे सगळं मला पहिल्याच तपासणीत कळलं होतं.

मी का खोटं बोलले ते विचारू नका, तरी सांगते. मी या घरात आले तेव्हा या गल्लीत चौदा घरं होती. आता आमचं आणि बेकेतचं. प्रत्येक जण जाताना हेच म्हणाला की पाणी आलं की येतो. पाणी आलं, भाऊजी. कोण आलं? आणि नेमकं आता, ज्या वर्षी पाणी आलं त्याच वर्षी, माझा मुलगा निघालाय. मला वाटलं, तुम्ही एकदा ‘होय’ म्हणा, तो रंगवायला, खिळे मारायला लागू दे, पंधरा तारीख निघून जाऊ दे, पुढचं पुढे. समुद्राचा विचार मी केलाच नाही. आई असून केला नाही. याची मला इतकी लाज वाटते की लिहिता लिहिता तीनदा उठून बाहेर जाऊन आले.

परवा मेइरमानला खरं सांगितलं. तो म्हणाला की त्याला माहीत आहे, त्यानं माझ्याआधीच सगळ्या फळ्या ठोकून पाहिल्या होत्या. मी डांबराचे डबे घेऊन बसमधून उतरले, तेव्हा माझा चेहरा बघून त्याला बोलवेना. दोघंही महिनाभर एकमेकांना फसवत एकाच ताटात जेवत होतो. आता तो सही करणार म्हणतो. चिडून नाही, शांतपणे म्हणतो, म्हणून जास्त भीती वाटते.

खोटं लिहिल्याबद्दल माफ करा. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुमची,
झानिल

---

तार. बालखाश, ६ नोव्हेंबर २००६

मेइरमान सही करू नको. पत्र निघालं आहे. थोरले काका.

---

बालखाश, ६ नोव्हेंबर २००६

चि. झानिल आणि चि. मेइरमान यांस अ. उ. आ.

हे पत्र दोघांनी मिळून वाचावं, एकानं वाचून दुसऱ्याला गोड करून सांगू नये.

होडी दुरुस्त करण्याच्या लायकीची नाही. कणा गेला म्हणजे गेली. त्यावर एक खिळाही वाया घालवू नका.

पण जाळू नका, तोडूही नका. इकडे बालखाश सरोवरावर आम्ही बांधतो त्या होड्या लांब लाटेच्या. अरलची लाट आखूड आणि खट्याळ, तिच्यावर त्या नाचतात आणि उलटतात. आबांनी होडीच्या फासळ्या ज्या बाकानं, ज्या वळणानं वाकवल्या तो बाक अरलच्या लाटेसाठीच होता. तो मला तोंडी सांगता येत नाही. मी तीस वर्षं इकडचाच बाक काढतोय, हात विसरले. तो फक्त अंगणातल्या त्या लाकडांत शिल्लक आहे. कुजलेलं लाकूडसुद्धा बाक विसरत नाही.

मेइरमान, एका बाजूच्या फळ्या काढ. प्रत्येक फासळीला कागद लाव, आतून-बाहेरून पेन्सिल फिरव, नाळेकडून नंबर घाल. ते सगळे कागद घेऊन इकडे ये. हिवाळाभर माझ्या हाताखाली राहा. शिव्या खाशील, जेवणही मिळेल. मार्चपर्यंत तुला होडी बांधता आली तर घरी जाऊन आजोबांची होडी नव्यानं बांध. नाही आली तर तेलाच्या खाणी कुठे पळून जात नाहीत.

झानिल, मला माहीत आहे, तू मुलगा राहावा म्हणून विचारलंस आणि मी त्याला बोलावतोय. दुसरा मार्ग मला दिसत नाही. माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चिड, पण त्याला उबदार मोजे दे. माया आहे, ती गाडीभाड्याला कामी येत नाही एवढंच.

ओतेगेन

---

कोसकुदुक, २१ नोव्हेंबर २००६

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. हे पत्र मेइरमानच्याच हाती देते आहे. उद्याची गाडी आहे, शू स्टेशनात बदलावी लागते, दोन दिवस लागतील. त्याच्याबरोबर तळलेल्या पिठाच्या बाउरसाकांची पिशवी आहे. पोचेपर्यंत उरले तर तुमचे.

कंत्राटदाराचा माणूस ठरल्या दिवशी आला, आमच्याकडे चहा प्यायला आणि सही न घेता गेला. तुमची तार मेइरमाननं त्याला दाखवली. नऊ शब्दांच्या तारेसाठी नोकरी सोडणारा पोरगा त्यानं आजवर पाहिला नव्हता म्हणे.

बावीस फासळ्या कागदावर काढल्या. कागद पुरेना म्हणून बैठकीच्या खोलीत लावायला ठेवलेला भिंतीचा कागद मी दिला, त्याच्या पाठीवर सगळे बाक आहेत. गुलाबाच्या फुलांवर चिडू नका. मी फासळी धरायची, त्यानं पेन्सिल फिरवायची, असं आठवडाभर चाललं. बेकेत चेष्टा करायला आला आणि संध्याकाळपर्यंत दुसरं टोक धरून उभा राहिला. होडी आता अंगणात एका कुशीवर उघडी पडली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही आणि घरातही बसवत नाही.

तुमच्यावर चिडलेली नाही. तुम्ही खरं सांगितलंत आणि मार्गही सांगितलात. त्याला होडी बांधता येईल, हातात त्याच्या आजोबांसारखा धीर आहे. मला काळजी त्याच्या हातांची नाही.

तुम्हीसुद्धा एका हिवाळ्यासाठीच गेला होतात, भाऊजी. सासूबाईंनी मार्चभर तुमची गादी उन्हात टाकली आणि आत घेतली, टाकली आणि आत घेतली. शेवटी तुम्ही आला नाहीत, तिकडच्या मुलीबरोबरचा लग्नाचा फोटो आला. फोटो चांगला होता. सासूबाईंनी तो भिंतीवर लावला आणि मरेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

मला मार्चमध्ये फोटो नको.

तुमची,
झानिल