एसीवरची ताडपत्री

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा मनातूनच). तुमचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत आणि त्याचं सगळं श्रेय मामींना.

झालं असं, की बाळ घरी आलं आणि नेमका एसीने जीव टाकला. वारा यायचा, पण कोमट. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं, रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. मेकॅनिक रोज "उद्या नक्की" म्हणायचा. मी आकडा सोळावर नेऊन ठेवला (आकडा खाली तितकी हवा गार, ही माझी श्रद्धा). त्याने आतल्या यंत्रावर बर्फ चढला आणि खाली आडव्या झालेल्या सासऱ्यांच्या टकलावर धार लागली. सासरे स्वभावाने गरीब, ते नुसते कूस बदलून झोपले.

तेवढ्यात बॅग घेऊन मामी दारात. "आधी मेन स्विच बंद कर. बर्फ वितळू दे," म्हणाल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी जाळी बाहेर काढली. तिच्यावर धुळीची गोधडी.

"शेवटची कधी धुतलीस?"

"त्यात जाळी असते?" मी विचारलं. मामी जाळी घेऊन तडक नळाकडे निघाल्या (त्यांचं ते तडक निघणं तुम्हाला माहीत आहेच).

जाळी धुऊन सावलीत वाळत घातली. पाणी जायची नळी तुंबली होती, ती मोकळी केली. मग गॅलरीत गेल्या. तिथलं यंत्र उन्हात तापू नये म्हणून मी त्याला ताडपत्रीत गच्च गुंडाळलं होतं, अगदी मायेने.

"नाक दाबून पळायला लावलंस होय रे त्याला," म्हणत त्यांनी दोऱ्या सोडल्या. गॅसला मात्र हात लावला नाही. "ते मेकॅनिकचं काम. ज्याचं त्याला करू द्यावं."

संध्याकाळी चोविसावरसुद्धा खोली गारेगार. बाळ झोपलं. बायको कित्येक दिवसांनी बसून जेवली आणि जेवता जेवता रडली. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अशी बाई तुमच्या वाट्याला आली, मामा, तुम्ही भाग्यवान.

तुमचा,
भाचा

ता. क. मामी रविवारी निघणार होत्या. आता म्हणतात, "आमचाही एसी घरघरतोय. तुझ्या मामांनी स्वतःच्या हाताने जाळी धुतली, की येते."

आणखी ता. क. मामा, पाया पडतो, एवढ्यात धुऊ नका.