दाताच्या आरशातलं घरटं

४ एप्रिल

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. रक्तदाब ठीक आहे, गुडघा त्याच्या मर्जीनुसार वागतो. तू म्हणाली होतीस, "बाबा, तीन महिने फोन करू नका, मीच करेन." पत्र टाकू नका असं म्हणाली नव्हतीस, म्हणून ही पळवाट. तीन महिनेच का, हे मी तुला विचारलं नाही. आता पाच आठवडे झाले. तू रागावली आहेस की नुसती कामात बुडाली आहेस, एवढं जरी कळलं असतं तरी मला झोप लागली असती. ते असो.

बातमी अशी की व्हरांड्याच्या खांबावरच्या मधुमालतीत बुलबुलांनी घरटं केलंय. वाटीएवढं आहे. वाळलेलं गवत, कोळ्याची जाळी आणि मधूनमधून माझ्या दवाखान्यातला कापूस. दवाखाना बंद करून वर्ष झालं, तरी माल खपतोय.

घरटं माझ्या डोक्याच्या हातभर वर. स्टुलावर चढायला गुडघ्याची परवानगी नाही. मग मी दाढा तपासायचा छोटा आरसा काढला, पडद्याच्या दांडीला चिकटपट्टीने बांधला आणि वर धरला. आत तीन अंडी. गुलाबीसर, वर तांबडे शिंतोडे. पस्तीस वर्षं त्या आरशात लोकांच्या किडलेल्या दाढा बघितल्या, त्याला पहिल्यांदाच काहीतरी नवंकोरं बघायला मिळालं. मी किती खूश झालो ते सांगायला घरात कुणी नव्हतं. तुझी आई असती तर आधी ऐकून घेतलं असतं आणि मग दांडी हातातून काढून घेतली असती.

सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच, अशी तीनदा तपासणी करतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. मादी उडून तारेवर बसते आणि मला शिव्या घालते. शेजारच्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्या, पण कुंपणापलीकडून अजून शाळा चालवतात. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिने अपॉइंटमेंट घेतलीय का तुमची?"

तुझ्या पुलाचं काम कुठवर आलं? उन्हात फार उभी राहू नकोस. शिड्या चढायचं काम हाताखालच्या कुणाला तरी सांग. सहज म्हणतो. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बाबा (फोन न करणारा)


१८ एप्रिल

प्रिय ठमे,

आशीर्वाद. पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

दोन पिल्लं आली. परवा सकाळी सातच्या तपासणीला. उघडी, डोळे मिटलेली, अंगापेक्षा चोच मोठी. आरसा वर गेला की त्यांना वाटतं आई आली, आणि दोघंही आ वासतात. इतक्या वर्षांत इतके गुणी पेशंट मला मिळाले नव्हते. मी एकटाच व्हरांड्यात उभा राहून हसत होतो.

तिसरं अंडं फुटलं नाही. मादी अजून पिल्लांबरोबर त्याच्यावरही बसते. हे तुला लिहायला नको होतं. आता खोडत नाही, कारण खोडलं की तू अंदाज करत बसशील.

काळजी अशी की वेल दाट आणि वर आभाळ भरलेलं, त्यामुळे आरशात नीट दिसेना. एक पिल्लू जरा मंद वाटत होतं, पण छातीशी हलतंय की नाही तेच कळेना. तुला माहीत आहे, दाढ कितीही मागची असो, उजेड पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेवटी मी दोन फांद्या कात्रीने कापल्या आणि उरलेला वेल सुतळीने बाजूला बांधला. आता खुर्चीत बसल्याबसल्या आरशात सगळं दिसतं. दोन्ही पिल्लं व्यवस्थित श्वास घेतात. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

काल बाई कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान दिसतंय हो. तारेवरच्या त्या कावळ्यालाही छान दिसत असेल." मला राग आला. मी म्हणालो, "मी बसलोय ना इथे." आणि खरंच बसलोय. जेवण इथे, वर्तमानपत्र इथे, हे पत्रही इथेच. हाताशी काठी आहे. कावळा दोनदा येऊन गेला. आंघोळीला जायचं तरी जीव टांगणीला लागतो. पंख फुटायला अजून आठ-दहा दिवस आहेत. एवढे दिवस नीट जावेत, बाकी काही नको.

तू दूध घेतेस ना? आणि गोळ्या? कसल्या म्हणशील, तर आपल्या नेहमीच्या, शक्तीच्या. हल्ली सगळेच घेतात.

तुझा,
बाबा


२९ एप्रिल

ठमे,

आशीर्वाद आहेतच. तब्येत वगैरे ठीक.

गुरुवारी सकाळी मी आंघोळीला गेलो. दहा मिनिटं, फार तर बारा. बाहेर आलो तेव्हा घरटं एका बाजूला कलंडलं होतं. आत ते न फुटलेलं अंडंही नव्हतं. खाली फरशीवर कापसाचा बोळा आणि थोडं गवत. काठी खुर्चीला टेकवलेली, तशीच.

मादी दिवसभर येत होती. चोचीत अळी घेऊन यायची, काठावर बसायची, आत बघायची, अळी तशीच घेऊन पलीकडच्या फांदीवर जायची आणि परत यायची. मी मोजलं नाही. पहिल्यांदाच काही मोजलं नाही.

दुपारी बाई फाटकातून आत आल्या. मला वाटलं, आता तासभर सुनावतील, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी सुतळीच्या गाठी सोडल्या, वेल हाताने सारखा केला आणि म्हणाल्या, "चहा टाकते, या." मी गेलो नाही. व्हरांड्यातच बसलो आणि रडलो. दोन बुलबुलांच्या पिल्लांसाठी सत्तरीचा माणूस एवढा रडत नाही, हे माझं मलाही समजत होतं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

पहिल्या पत्रात मी म्हटलं की तीन महिनेच का हे तुला विचारलं नाही. तुला नाही विचारलं. लंबूला विचारलं. तुला लहानपणी खांद्यावर बसवणारा लंबूकाका आता तुझा डॉक्टर आहे, आणि तू त्याला शपथ घातली होतीस की बाबांना कळता कामा नये. त्याने आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग मी म्हणालो, "अरे, मी बाप आहे तिचा," आणि कॉलेजपासूनची सगळी मैत्री पणाला लावली. त्याला दोष देऊ नकोस, त्याला भरीला मी घातलं. तेव्हापासून दर गुरुवारी तू त्याच्याकडे तपासून घेतलंस की संध्याकाळी मी त्याला फोन करत होतो. "सगळं ठीक आहे" एवढं ऐकलं की मला पुढच्या बुधवारपर्यंत पुरायचं. शिड्या, दूध, गोळ्या हे सगळं त्यातूनच आलं. तू हुशार आहेस, तुला एव्हाना वास आलाच असेल.

तू मला का सांगितलं नाहीस हे मला माहीत आहे. पहिल्या वेळी दिवस राहिल्याचं तू सहाव्या आठवड्यात सांगितलंस आणि मी गावभर केलं. मावशीला, कंपाउंडरला, खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटलासुद्धा. मग ते गेलं, आणि ती सगळी माणसं महिनाभर तुला विचारत राहिली. दुसऱ्या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं, पण तुझ्याकडे मुक्काम ठोकला. रोज सकाळी तुझ्या खोलीच्या दारात उभा राहून विचारायचो, "कसं वाटतंय?" ज्या दिवशी तेही गेलं, त्या दिवशी तू मला म्हणालीस, "बाबा, तुमचा चेहरा सांभाळण्यातच माझा दिवस जातो. माझ्याकडे बघायला मला वेळच मिळत नाही." मी तेव्हा रुसलो होतो. दोन दिवसांनी बॅग भरून घरी आलो आणि तुझ्या आईच्या फोटोपुढे तुझी तक्रार केली.

बघितल्याने ते वाचेल, असं मला खरंच वाटतं गं. नजर हटवली की काहीतरी होईल, अशी भीती वाटते. मी वेल बाजूला केला तो प्रेमानेच केला. कात्री प्रेमानेच चालवली.

या गुरुवारी मी लंबूला फोन केला नाही. हात गेला नाही. शुक्रवारी सकाळी त्याचाच आला. तो आपणहून कधी करत नाही. म्हणाला, "अरे, काल ती येऊन गेली..." आणि थांबला. मी म्हणालो, "लंबू, पुढचं सांगू नकोस. तिला जे सांगायचं असेल ते ती सांगेल. आणि यापुढे मी कितीही गयावया केली तरी सांगू नकोस." तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आज रविवार. त्या "बरं"चे मी दोन दिवस वाटेल तसे अर्थ लावतोय. आवाज जड होता का? की नुसता सकाळचा होता? नंबर पाठ आहे, फोन समोर आहे. अजून केलेला नाही.

हे पत्र वाचून तू रागावशील. रागाव. महिनाभर रागाव, वर्षभर रागाव, मला चालेल. तीन महिने संपतील तेव्हाही घाई करू नकोस. बातमी चांगली असली तरी ती तुझी आहे आणि वाईट असली तरी तुझीच आहे. कधी फोन केलास तर मी "बोल" एवढंच म्हणेन आणि तू जे बोलशील ते ऐकेन. पावसापाण्याबद्दल बोललीस तर पावसापाण्याबद्दल बोलेन.

काहीही माहीत नसलेला,
तुझा बाबा