शुक्रवारी पाचपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे ५.४०

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रोग्रामिंगमधलं लूप, म्हणजे संगणकाकडून एकच काम पुन्हापुन्हा करवून घेणं, शिकत बसलो आहे. समोर वहिनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करताहेत. दादा आत झोपलाय, म्हणून हळू बोलायचं.

आजपासून नवी पद्धत — जे शिकलो ते लगेच काहीच न येणाऱ्या माणसाला तोंडाने समजावून सांगायचं. जिथे अडखळलो, तिथे आपल्याला कळलेलं नाही असं धरायचं. तसं माणूस घरात वहिनींशिवाय कोण? त्या म्हणाल्या, सांगा, हात गुंतलेत, कान रिकामेच आहेत.

तीनदा अडखळलो.

५ फेब्रुवारी

आज लूप थांबेचना! पडद्यावर आकडे धावत सुटले. वहिनींना पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. कॉलर दाबता दाबता त्यांनी विचारलं, "पण भावजी, त्याला थांब कोण सांगणार?"

कोणीच सांगितलं नव्हतं. एक ओळ राहिली होती.

नंतर म्हणाल्या, तुमच्या दादांनाही बोलताना नेमकी तीच ओळ कमी पडते. हसू आवरलं नाही. दादा जागा झाला — मग त्यावरून बोलणी खाल्ली.

९ फेब्रुवारी

दादाने जेवताना विषय काढलाच. त्याच्या टायरच्या दुकानातला कामगार सोडून गेला. शनिवारची परीक्षा दे, पंडित, पण जागा नाही मिळाली तर तेवीस तारखेपासून दुकानात यायचं — असं म्हणाला. आवाज चढवला नाही. अकरावी अर्ध्यावर सोडली तेव्हाही चढवला नव्हता. वर्षभर मला पोसलं. त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

परीक्षा घेणारी कंपनी दुकानांच्या हिशेबाचे प्रोग्राम बनवते. शिकाऊ जागा एकच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा झाली. सगळं जसं घडलं तसं लिहितो.

एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून वहिनी सोबत आल्या. दारावरच्या बाई म्हणाल्या, सोबतच्यांनी बाहेर थांबायचं, आत फक्त परीक्षा देणारे. मी वहिनींकडे बघितलं. काय दिसलं असेल माझ्या चेहऱ्यावर! त्यांनी सरळ फॉर्म मागून घेतला आणि भरला — नुसतं आत बसता यावं म्हणून. फोन नंबर माझाच लिहिला, कारण त्यांचा फोन दादाकडे दुकानात असतो.

पहिले दोन प्रश्न नीट गेले. तिसऱ्यात तयार कोड दिला होता, तो काय करतो ते लिहायचं होतं. मला सगळं कळत होतं. पण समोर कोणी ऐकणारं नव्हतं, त्यामुळे वाक्यच सुरू होईना. तीनदा लिहिलं, खोडलं.

वहिनी मागच्या रांगेत होत्या. कीबोर्डवर त्यांच्या बोटांचा आवाज येत होता. सावकाश, पण न थांबता. मला वाटलं, वेळ काढताहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी निरोप आला. पहिलं नाव वहिनींचं. दुसरं माझं. पहिल्या उमेदवाराने शुक्रवारी पाचपर्यंत होकार कळवायचा, न कळवल्यास जागा दुसऱ्याला.

पाच-सहा वेळा वाचला. फोन खिशात ठेवला. वहिनी कपडे पोचवायला गेल्या होत्या, दुपार टळल्यावर आल्या. पाणी दिलं त्यांना. सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

पहाटे बसलो. आज शिकायला फंक्शन होतं, म्हणजे नावाने हाक मारली की आपलं काम करणारा कोडचा तुकडा. वहिनींनी ऐकून घेतलं, शंका एकही काढली नाही. निकालाचंही विचारलं नाही. बरं झालं.

त्या नुसत्या आत बसायला आल्या होत्या. शिकवलं मी. त्या गेल्या तर घरचं कोण बघणार? दादा त्यांना पाठवणारच नाही, मग उगाच आशा कशाला लावायची? आणि मी काही खोटं बोललेलो नाही, फक्त बोललेलो नाही.

हे सगळं नीट लिहून काढलं आणि वाचलं. यातलं एकही वाक्य वहिनींसमोर बसून तोंडाने सांगता येणार नाही.

दादा विचारत होता, काही कळलं का. मी म्हणालो, उद्यापर्यंत कळेल. आता हे मात्र खोटं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.१०

फोन वहिनींपुढे ठेवला. म्हणालो, हा निरोप बुधवारी आलाय.

त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "यादी कंपनीच्या दारावर लागलीय, भावजी. कपडे द्यायला त्याच रस्त्याने गेले होते. बुधवारीच वाचली मी."

दोन दिवस आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो.

म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर मीही पाहिलीच नाही म्हणणार होते. सोपं होतं ते. ह्यांना काही विचारायला नको, घर मोडायला नको." मग इस्त्री बाजूला ठेवली. "आता जावंच लागेल."

होकार त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवला. दादा यायला अजून दोन तास आहेत.