एवढी निवडणूक होऊ दे

१७ सप्टेंबर १७९७, रविवार

झालं एकदाचं! पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये आमची नावं वाचली — जोनस बाल्डविन, गाडीची चाकं करणारा, आणि हल्डा टटल, विधवा. कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणाले. कोणी काही बोललं नाही. माझी नणंद केझिया तेवढी खोकली. अजून दोन रविवार अशीच नावं वाचायची, की पाच ऑक्टोबरच्या गुरुवारी लग्न. बेचाळिसाव्या वर्षी मला लाज वाटायला लागली! टोपीची नाडी सारखी करायचं निमित्त करून खाली बघत बसले.

बाहेर आल्यावर जोनस म्हणाला, "अजून दोन रविवार आहेत हातात. पळायचं तर आत्ताच पळ."

"बाग टाकून कुठे पळू?" म्हटलं.

१९ सप्टेंबर

सफरचंदं उतरवायला सुरुवात. रस काढायच्या घाण्याचा घोडा लंगडतोय. हात चिकट, हे पानही चिकट झालं.

२१ सप्टेंबर

आज हातात काही राहत नाहीये. दोन परड्या उलट्या केल्या!

निवडणुकीचे पंच हॅल्सी दारावरून चालले होते. आमच्या सफरचंदांची सायडर प्यायला थांबले आणि सहज म्हणाले, "क्रमाने उभं राहायचं बरं का टटलबाई, दहा ऑक्टोबरच्या मतदानाला गर्दी होणार." मला वाटलं, थट्टा करताहेत. तर नाही! राजधानीतून, ट्रेंटनहून, नवा कायदा आलाय. मतं आता आपापल्या गावातच टाकायची, लांब जायचं नाही. आणि बायकांचं त्यात स्पष्ट लिहिलंय म्हणे. ज्याची पन्नास पौंडांची मालमत्ता स्वतःच्या नावावर आहे, त्याने मत द्यावं. पुरुष असो की बाई. बाग माझ्या नावावर आहे. घाणाही माझ्याच नावावर आहे. म्हणजे मी!

इंग्रजांविरुद्धच्या युद्धाच्या वर्षांत याच अंगणात किती बैठका झाल्या. 'आमचा माणूस सभेत नाही, तर आमचा कर कशाला?' — माझा नवरा नेथन टेबलावर मूठ आपटायचा आणि मी आतून सायडर आणून द्यायचे. शत्रूच्या शिपायांनी अर्धी बाग सरपणासाठी तोडली, ती आम्ही दोघांनी पुन्हा लावली. नेथन गेल्यापासून तीन वर्षं कर मी भरतेय. माझा माणूस सभेत कोण आहे, हे मला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारलं. घोड्याला जास्तीचा चारा घातला, त्यालाही काहीतरी मिळू दे.

२२ सप्टेंबर

केझियाने पाणी ओतलं सगळ्यावर.

"कसलं मत घेऊन बसलात वहिनी?" म्हणाली. "मतदान दहा तारखेला. लग्न पाच तारखेला. सहा तारखेला सकाळी उठाल तेव्हा बाग जोनसची, घाणा जोनसचा. अंगावरचा झगासुद्धा त्याचाच. तुमच्या नावावर राहणार काय? गुडघेदुखी?"

आणि स्वतःच हसत सुटली. कायदा मला काय माहीत नव्हता? पहिल्या लग्नातही हेच झालं होतं. पण तेव्हा माझ्याकडे जायला काही नव्हतं, म्हणून गेलेलं कळलं नाही. आनंदाच्या भरात तारखा शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत मी. मूर्ख बाई.

२४ सप्टेंबर, रविवार

नावं दुसऱ्यांदा वाचली. संपल्यावर पाद्रीबाबांना गाठलं. विचारलं, बायकोला मत का नाही?

त्यांनी शांतपणे समजावलं. सरकार लोकांच्या संमतीवर उभं असतं. संमती द्यायला माणसाची स्वतःची मर्जी लागते. जो दुसऱ्याच्या भाकरीवर जगतो त्याची मर्जी मोकळी नसते, म्हणून नोकराला मत नाही, मुलाला नाही. आणि बायकोची मर्जी नवऱ्याच्या मर्जीत मिसळलेली असते.

"आज माझी मर्जी मोकळी आहे?"

"आहे की. मालमत्ता आहे तुमची."

"आणि पाच तारखेला, तुम्ही 'आमेन' म्हटल्यावर, ती जाते कुठे?"

पाद्रीबाबा टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

२५ सप्टेंबर

जोनसला सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तो चाकाला लोखंडी धाव बसवत होता, थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "मग त्यात रडायचं काय? लग्न पुढे ढकलू. सव्वीस तारखेचा गुरुवार घेऊ. एवढी निवडणूक होऊ दे."

एवढंच! किती सोपं! मी त्याच्या दुकानातून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. हा माणूस मला आवडतो. लिहून ठेवते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मत दिलं. मत दिलं!

नीट लिहायला हवं. सकाळी निळा झगा घातला, चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं — जो नदीवर पूल बांधू म्हणतो त्याचं. जोनस दुसऱ्याच्या बाजूचा आहे. वाटभर भांडलो. त्याचं म्हणणं, पूल पहिल्याच पुरात वाहून जाईल. माझं म्हणणं, माझी पिंपं नावेतून जाताना दरवर्षी दोन बुडतात, ती कोण भरून देतो? शेवटी दोघांनीही आवाज चढवला आणि मग दोघंही हसलो.

रांगेत माझ्यामागे सायरस उभा होता, माझी पिंपं बनवतो तो. काळा माणूस, मालकाकडून स्वतःला विकत घेऊन गुलामीतून मोकळा झालेला, स्वतःचं घर बांधलेला. स्वच्छ सदरा घालून आला होता. आम्ही एकमेकांना मान लववली. पुढचे बाप्ये वळून वळून आम्हा दोघांकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, "आता घोड्यालाही आणा." मी म्हटलं, "आणला असता, पण तो तुमच्याच माणसाला मत देईल."

टेबलापाशी हॅल्सींनी अडवलं! "टटलबाई, तुमची नावं चर्चमध्ये वाचून झालीत. अख्ख्या गावाने ऐकलीत. आता तुम्ही बाल्डविनच्याच म्हणायच्या."

म्हटलं, "नावं वाचलीत. शपथ झालेली नाही. बागेचा कर या वर्षी कोणाच्या नावाने जमा झाला, बघा."

हॅल्सी माझ्या डोक्यावरून जोनसकडे बघून म्हणाले, "काय रे, तुझीच ना ही?"

जोनसने टोपी काढली. म्हणाला, "आज ती तिचीच आहे. तिलाच विचारा."

मग मला शपथ घालून विचारलं. मी सांगितलं, बाग माझीच, लग्न अजून झालेलं नाही. चिठ्ठी पेटीत पडली. तिचा काही आवाज होत नाही, पण मला ऐकू आला. केझिया बाहेर केक घेऊन उभी होती. "चेहरा बघा, जसं काही लंडनच जिंकून आलीय," म्हणाली, पण सगळ्यात मोठा तुकडा मलाच दिला.

१४ ऑक्टोबर

पुलाचा माणूस निवडून आला! अगदी थोडक्यात. त्या थोडक्यात मी आहे. जोनसला म्हटलं, पूल झाला की पहिल्यांदा तुलाच त्यावरून चालवते. तो म्हणाला, "पोहायला शिकून घेतो."

२२ ऑक्टोबर

झोप नाही. गुरुवारी लग्न. जोनस मला काही कमी करणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बागेतल्या फांदीलाही विचारल्याशिवाय हात लावणार नाही. पण ते त्याचं चांगुलपण झालं. माझा हक्क नाही झाला. आणि ती पेटी! पुढच्या ऑक्टोबरात सगळे जातील आणि मी आत सायडर ओतत बसेन.

२४ ऑक्टोबर

सांगितलं त्याला. एक वर्ष थांब म्हटलं. एवढी पुढची निवडणूक होऊ दे.

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, "पुढच्या वर्षानंतरही एक निवडणूक असतेच, हल्डा. हे सरकार त्यासाठीच तर काढलंय."

आम्ही दोघंही हसलो. मग मी रडले. तो चाकाचा आरा तासत बसला.

१८ सप्टेंबर १७९८

जोनसने विचारलं, "या वर्षी?" म्हटलं, एवढी निवडणूक होऊ दे. केझिया म्हणते, वहिनी, तो बिचारा म्हातारा होईल. होऊ दे, मीही होतेय.

१४ ऑक्टोबर १८००

यंदा आम्हा बायकांचीच वेगळी रांग झाली होती! सोळा जणी मोजल्या. म्हातारी मिसेस डॉड खुर्चीतून आली. तिला दिसत नाही, पण चिठ्ठी कोणाच्या हातात दिली नाही. जोनसने आणि मी पहिल्यांदाच एकाच माणसाला मत दिलं. परतताना तो म्हणाला, आता भांडायला काही उरलं नाही, लग्नच करून टाकू. उद्या पाहू म्हटलं. उद्या नाहीच पाहिलं.

९ सप्टेंबर १८०३

पूल वाहून गेला. जोनस हसला नाही, हे त्याचे उपकार. दर सप्टेंबरातला लग्नाचा प्रश्न विचारला मात्र.

२५ नोव्हेंबर १८०७

ट्रेंटनमध्ये कायदा बदलला. आता फक्त गोरे पुरुष. कुठल्याशा गावी बाप्यांनी झगे घालून दोन-दोनदा मतं टाकली म्हणे. म्हणून शिक्षा कोणाला? आम्हाला. झगे घालणाऱ्यांचं मत शाबूत आहे.

जोनसला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. वर्तमानपत्र त्याने दुकानात भुशाखाली लपवलं होतं. मला केझियाने सांगितलं, आणि सांगताना एकही टोमणा मारला नाही.

सायरस पिंपं द्यायला आला होता. त्याचंही गेलं. म्हणाला, "तुमच्या हातून एवढंच गेलं, बाई. मला भीती वाटते, आता आणखी काय काय घेतील." त्याला आत बोलावून बसवलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

या सप्टेंबरातला प्रश्न जोनसचा राहून गेला होता, खोकल्याने पडून होता तो. म्हणून आज मीच त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, आता अडवायला काही उरलं नाही. बाग तुझी होऊ दे. या महिन्यातच करून टाकू.

माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "आत्ता लग्न केलंस तर ते म्हणतील, बघा, बायकोच होती ती, तिचं काय गेलं? पुढच्या ऑक्टोबरात निळा झगा घाल. चिठ्ठी घेऊन त्या टेबलापाशी जा. बाग तुझ्या नावावर असताना त्यांना तोंडावर 'नाही' म्हणू दे. मी शेजारी उभा राहतो. एवढी निवडणूक होऊ दे."