पाणी जरासं मागे सरकलंय

२ मार्च, सकाळी ८
तळ्याचं पाणी धक्क्यापासून तीन पावलं मागे गेलंय. घाबरण्यासारखं काही नाही. धक्क्याला पुढे तीन फळ्या ठोकल्या, बोट परत पाण्यात. बायको म्हणाली, गेल्या वर्षी याच दिवशी पाणी पायरीवर होतं. हिची स्मरणशक्ती नको तिथे तल्लख.

२० मार्च
आणखी वीस पावलं. सुताराकडच्या फळ्या संपल्या. जुनं कपाट फोडलं.
टूर कंपनीच्या बाईंचा फोन. २८ मेला चाळीस जण, बोटीची सफर, पाणी आहे ना? म्हटलं, भरपूर. सीझनचं एकुलतं एक बुकिंग. बायकोने बजावलंय, हेही गेलं तर ती शहरात बहिणीकडे राहणार, लाँड्रीत नोकरी धरणार. बोलते नुसती.

२१ मार्च
संकल्प: पाण्याकडे सारखं बघायचं नाही. जेवणापर्यंत चौदा वेळा बघितलं. रेडिओवर कुणी तज्ज्ञ म्हणे, उन्हाळे आता असेच वाढत जाणार. याला कामधंदा नाही!

१९ एप्रिल
पलंगाच्या फळ्या काढल्या. जमिनीवर झोपल्याने कंबर सुधारते, असं बायकोला पटवलं. तिने मुकाट गादी उचलून भिंतीशी अंथरली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
समोरच्या काठावर, हाकेच्या अंतरावर, चुलतभावाची बोट. अकरा वर्षं अबोला. त्याच्याकडूनही ठोकाठोक ऐकू येते. मेला माझी नक्कल करतो.

१५ मे
न्हाणीघराचं दार काढून धक्क्याला ठोकलं. तिथे पडदा लावला, हवा खेळती राहते. घराचं दार काढायला गेलो तर बायको उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. राहू दिलं.

२८ मे, दुपारी
चाळीस जण आले. त्यांना चहा देऊन शेवटची फळी ठोकायला पळालो, तर ठोकायला जागाच नाही. समोर हातोडा घेऊन चुलतभाऊ. त्याचा धक्का माझ्या धक्क्याला येऊन भिडलेला. खाली चिखल, त्यात दोघांच्या बोटी कलंडलेल्या. अकरा वर्षांनी तो बोलला, खिळे उरलेत का? दिले.
पाहुणे धक्क्यावरून चालत पलीकडे गेले. फोटो काढले. टूर कंपनीच्या बाई खूश! म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून बोट नकोच.

३० मे
शहराची बस पलीकडच्या काठावरून सुटते. बहिणीकडे जाताना दरवेळी बायकोला मी बोटीने सोडायचो. आज तिची बॅग उचलून धक्क्यावरून तिच्या मागे मागे चाललो. अर्ध्यावर तिने बॅग माझ्या हातून घेतली. धक्का भक्कम झालाय, म्हणाली. मग एकटीच पुढे गेली.