गाडीला दोन दात आले

संगमनेर,
ता. ९ फेब्रुवारी १९९८

चि. प्रवीण यास उत्तममामाचा सप्रेम जयभीम आणि तिघांनाही पोटभर आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे (नावाला जागून). गुडघे तेवढे यमक सोडून चालतात. सूनबाईंना तिकडची थंडी मानवते ना?

मागे तुला सांत्वनाचे चारपानी पत्र पाठवले आहे. ते हाती पडल्यास न फोडता ठेवून दे. त्याचे असे झाले. तू इंटरनेटवर घरचे पान (प्रज्ञाच्या भाषेत होमपेज) काढल्याचे कळवलेस, म्हणून प्रज्ञाने मला तिच्या कॉलेजात नेले. (कन्या तिथे कॉम्प्युटर शिकवते. मी याच गावात तीस वर्षे मराठी शिकवली, पण इतकी थंडगार खोली मला कोणी दिली नाही.) तिच्या वाट्याचे मशीन जुने. त्यातला ब्राउझर, म्हणजे ही पाने उघडून दाखवणारा गडी, त्याहून जुना. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटवतो. चित्र आले की कंसात ‘चित्र’ एवढेच लिहून पुढे सरकतो. मला तो पहिल्या भेटीतच आवडला. शाळेचा फळाच की! तू मराठी लिहिलेले, पण अक्षरे इंग्रजी. मी बोट ठेवून वाचले:

घर उगाच रडते
बाग केस काढले
गाडी दोन दात आले

प्रवीण, मी गहिवरलो. नवकविता मला एरवी पचत नाही (चालच लागत नाही, मग पोरांनी पाठ कशी करायची?), पण परमुलखात घर उगाच रडते हे आतून आल्याशिवाय सुचत नाही. पानगळीने बागेचे केस गेले, तेही जमले. गाडीपाशी मात्र अडलो. ते दात की दाट, आणि ‘आले’ म्हणजे चहातले का, यावर शेजारच्या श्रीमंत सरांशी दोन दिवस वाद झाला. शेवटी दात ठरले. गाडी माणसाला खाते, असा गूढार्थ सरांनी काढला.

इथवर ठीक होते. पण मी ती कविता कोपरगावला तुझ्या आईला फोनवर म्हणून दाखवली. छबूआक्काला काव्य कुठले! “उत्तम्या, घर कुठं रडतं व्हय? सून रडत आसंल! अन् केस कुनी काढले रं तिचे?” तुला माघारी बोलवा म्हणून ती अन्न सोडून बसली. (अन्न म्हणजे भाकरी. चहा-बटर चालू होते.)

मग प्रज्ञानेच उलगडा केला. “अप्पा, ही कविता नाही, हे कोष्टक आहे.” डाव्या रकान्यात तुझे घर, बाग, गाडी, उजव्यात बाळाची खबर. आमचा गडी जुन्या वळणाचा, त्याला कोष्टकच येत नव्हते; दोन्ही रकाने एका दमात वाचत सुटला. मी म्हटले, मग घे की त्याच्याकडून पाठ करून! तिने खरेच त्याचा मूळ प्रोग्राम उघडून आठवडाभर शिकवणी घेतली. पहिल्या दिवशी उजवा रकाना पडद्याबाहेर पडला, दुसऱ्या दिवशी सगळे दोनदा आले (ढ मुलेही याच क्रमाने शिकतात). शनिवारी दोन्ही रकाने शहाण्यासारखे शेजारी-शेजारी बसले, आणि रडते, केस, दात सगळे बाळाचे बाळाला मिळाले. मी खोलीत टाळी वाजवली. लगेच आक्काला फोन केला; तिने दोन भाकरी खाल्ल्या. एक कविता गेली खरी, पण दोन दात मिळाले. मी समाधानी आहे.

तुझा,
उत्तममामा

ता. क. मागच्या पत्रात ‘रडणाऱ्या घरास’ ही माझी सोळा कडव्यांची कविता आहे. पत्र फोडलेच, तर तेवढी वाच.

पुन्हा ता. क. खरे काम राहिलेच. बाळाच्या जागी अजून कंसात ‘चित्र’ एवढेच दिसते, आणि तू टपालाने धाडलेले फोटो अजून वाटेतच आहेत. प्रज्ञा म्हणते, पान लिहिणाऱ्याने चित्रासोबत चार शब्द लिहिले तर हा गडी तेच दाखवतो. तेव्हा कृपा करून तिथे लिही: ‘नाक आजीसारखे’. आक्काने फोनवर पहिला प्रश्न नाकाचाच विचारला, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगून बसलो आहे.