दुभाष्याचे चार शनिवार

आदरणीय अबू सालेह,

तुमच्यावर, घरातल्या थोरांवर आणि पोरासोरांवर शांती असो. तुमचा गुडघा कसा आहे? टाक्यात पाणी उरलंय का? मी इकडे सातासमुद्रापार हॅमट्रॅमॅक गावात ठणठणीत आहे, दुकान चालू आहे, बायको माझ्यावर नेहमीइतकीच नाराज आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुमच्या घरी फोन आला की तो चटईच्या मधोमध ठेवतात आणि अख्खं घर भोवती बसून ऐकतं (शेजारचे हिजामकाका तर मध्येच उत्तरंही देतात), म्हणून. हे पत्र एकट्याने वाचा. तुमची बहीण अर्वा आसपास असेल तर आधी गच्चीवर जा, मग पुढची ओळ वाचा.

तुमचे दाजी मुकबिल आजारी आहेत. बरेच आजारी आहेत. आता सुरुवातीपासून सांगतो.

इथे डॉक्टरकी शिकणारी पोरं दर शनिवारी एका चर्चच्या तळघरात फुकट दवाखाना चालवतात. ज्याच्याकडे विमा नाही त्याने यावं, औषध न्यावं. आपली माणसं पुष्कळ येतात आणि पोरांना अरबी येत नाही, म्हणून त्यांनी मशिदीत येऊन दुभाषी मागितला. मी उभा राहिलो. (का, ते तुम्ही जाणता. कारखान्यात झाडू मारत होतो तेव्हा मला कोणी दुभाषी दिला नव्हता. फोरमनच्या शिव्या ऐकत ऐकत इंग्रजी शिकलो, त्यामुळे पहिले काही महिने मी गिऱ्हाइकांशीही तसाच बोलायचो.) दोन तासांचा वर्ग झाला. नियम एकच: समोरचा बोलला तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. गळ्यात नावाची पट्टी आली. ती घालून मी एकदा दुकानातही बसलो होतो.

आता त्या पोरांची पद्धत ऐका. तुम्ही गेलात की आधी पहिल्या वर्षाचा पोरगा येतो. तो रक्तदाब मोजतो. त्याला ठोके ऐकू येत नाहीत आणि तसं सांगायची लाज वाटते, म्हणून तो पाच वेळा मोजतो. तोवर दंड निळा होतो. मग तिसऱ्या वर्षाची पोरगी येते, आमची ब्रिजेट, केस लाल, वय चोवीस. ती जन्मापासूनचं सगळं विचारते. मग बाहेर जाऊन ते सगळं खऱ्या डॉक्टरला म्हणून दाखवते. आणि मग तो खरा डॉक्टर, होलब नावाचा म्हातारा, आत येऊन तिसऱ्यांदा तेच विचारतो. एक खोकला दाखवायला तीन तास. मुकबिलदादांच्या छातीत कसलासा आवाज सापडला तेव्हा तर सात पोरं रांग लावून उभी राहिली, एकेकाने कान लावला आणि प्रत्येकाने हसून "थँक यू" म्हटलं. दादा मला म्हणाले, "अरे मुसइद, यांना माझ्या आत गाणं ऐकू येतंय की काय?"

पण दादा खूश होते हो. उपाहारगृहाच्या मोरीपाशी नऊ वर्षं भांडी घासणाऱ्या माणसाला शनिवारी सकाळी सात जण विचारतायत की झोप लागते का, कोणाची आठवण येते का. पोटदुखीसाठी आले होते, पण दुसऱ्या शनिवारपासून ते अंघोळ करून, अत्तर लावून यायला लागले. पोरांसाठी रोटी आणि मध आणायचे. पोरं त्यांच्या पिझ्झातला तुकडा द्यायची, दादा तो मला द्यायचे आणि मी त्यात डुक्कर शोधत बसायचो.

पोटाचं मात्र काही कळेना. ब्रिजेटने विचारलं, दुखणं शून्य ते दहात किती? दादा म्हणाले, दहा म्हणजे काय? मी तिला विचारून सांगितलं, आयुष्यात सगळ्यात जास्त दुखलं होतं तेवढं. दादा म्हणाले, "बुडालेल्या माझ्या वाइलला टाक्यातून बाहेर काढलं तो दिवस दहा. मग हे दोन असेल." तुमच्याच भाच्याबद्दल तुम्हाला काय सांगू. मी ब्रिजेटला म्हटलं, "दोन." टाक्याचं सांगितलं नाही. एवढ्याशा पोरीला कशाला रडवायचं? तिने दोन लिहिले आणि जळजळीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा दोन, पुन्हा गोळ्या. असे चार शनिवार गेले. दादांचा पट्टा तीन भोकं आत गेला. मी थट्टा केली, "दादा, दुसरं लग्न करताय की काय?"

पाचव्या शनिवारी दुकानात तपासणीवाले येणार होते म्हणून मी गेलो नाही. पोरांनी फोनवरचा दुभाषी लावला. कुठलासा इजिप्तचा माणूस, ना ओळख ना देख, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. त्याने तोंड वर करून दादांना विचारलं, शौचाला रक्त पडतं का? आणि दादांनी, ज्यांनी तुमच्यासमोर कधी पायही पसरले नाहीत त्या दादांनी, त्या फोनला सांगितलं, "हो. आठ महिने झाले."

म्हातारा होलब तिथल्या तिथे खुर्चीवर बसला. मग मोठ्या इस्पितळात नळी घालून बघितलं. आतड्यात गाठ आहे. तोच आजार आहे, ज्याचं नाव आपण घरात काढत नाही. होलबने दहा ठिकाणी फोन करून शस्त्रक्रिया फुकट ठरवली आहे. तारीख येत्या चौदाची. महिन्याभरापूर्वी कळलं असतं तर मी हसून सांगितलं असतं, असं तो म्हणाला. आता काढली तर निम्मी आशा, थांबलो तर तीही नाही. ब्रिजेट जिन्यावर बसून रडली. सारखी म्हणत होती की मी विचारलं होतं, मी नक्की विचारलं होतं. पोरं अजून शिकतायत, त्यांच्या हातून काहीतरी निसटलं असेल, दुसरं काय?

बाकी सगळं ठीक. तुमच्या मस्तकाचं चुंबन घेतो आणि लेखणी ठेवतो.

तुमचा चुलतभाऊ,
मुसइद

ता. क. दादा शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, अर्वाला न विचारता मी घराचं दार बदललं नाही, पोट कसं कापून घेऊ? तर मग विचारा, म्हटलं. म्हणतात, विचारलं तर ती घाबरेल. दोन आठवडे आमचं एवढंच चाललंय. हे पत्र आणणारा शुक्रवारी पोचेल, म्हणजे तारखेला दहा दिवस उरतील. अबू सालेह, तुम्ही बहिणीला सांगा. आजाराचं नाव घेऊन सांगा. आणि तिला दादांना फोन करायला लावा. तिने विनंती करायची नाही, हुकूम करायचा: सही करा. तिचा शब्द ते मोडणार नाहीत.

आणखी एक. ब्रिजेटने खरंच विचारलं होतं. रक्त पडतं का, चारही शनिवारी, स्वच्छ शब्दांत. चोवीस वर्षांची पोरगी, समोर आपले दादा, अत्तर लावून बसलेले. माझी जीभ वळली नाही. मी अरबीत विचारलं, "दादा, जेवण पचतं ना?" ते म्हणाले, "अल्लाहची कृपा." आणि मी तिला सांगितलं, "नाही म्हणतात." चार वेळा. तिला वाटतंय तिचं चुकलं. दादांना वाटतंय मी होतो म्हणून त्यांचं इथे निभावलं. काल माझा हात धरून तसं म्हणालेसुद्धा. मी हात सोडवून घेतला नाही. अर्वाला हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. सांगणार असाल तर तिचा फोन होऊन गेल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर ती मला शिव्या देत बसेल आणि सहीचं राहून जाईल.